पुलाआधीचा एक तास

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात नदीकाठी उभं राहून दक्षिणेकडे बघितलं, तर समोर कोणता देश दिसेल? मेक्सिको? नाही, कॅनडा! नकाशात अमेरिकेच्या डोक्यावर पसरलेला हा देश नदीच्या एका वळणामुळे इथे तिच्या पायाशी आला आहे. पलीकडचं शहर विंडसर. दोघांना जोडणारा अ‍ॅम्बॅसेडर पूल १९२९ साली खुला झाला, तेव्हा त्याचा ५६४ मीटरचा मधला गाळा झुलत्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब होता. गेली कित्येक वर्षं अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या मालाच्या व्यापाराचा सुमारे चौथा हिस्सा या एका पुलावरून गेला आहे, आणि तोही बहुतेक ट्रकमधून.

पूल ओलांडायला ट्रकला काही मिनिटं पुरतात. पण मला थक्क करतं ते वेगळंच. पुलावर चाक चढण्याआधीच ट्रक पलीकडे पोचलेला असतो! गाडी अजून विंडसरच्या पंपावर डिझेल भरतेय, ड्रायव्हर कॉफी पितोय, आणि तिकडे अमेरिकेच्या कस्टम खात्याच्या संगणकावर त्याचं नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर, ट्रेलरचा नंबर आणि आतल्या खोक्यान्‌खोक्याचा हिशेब हजर आहे. रेल्वेगाडी सुटण्याआधी टीसीच्या हाती आरक्षणाचा चार्ट असतो ना, तसा हा मालाचा चार्ट. त्याचं नाव मॅनिफेस्ट, आणि संगणकावरून जातो म्हणून ई-मॅनिफेस्ट. नियम सांगतो, ट्रक नाक्यावर पोचण्याच्या निदान एक तास आधी हा चार्ट पोचलाच पाहिजे.

या चार्टमध्ये काय काय लागतं? वाहतूकदाराचा दोन ते चार अक्षरांचा सांकेतिक कोड, या फेरीचा क्रमांक, माल कुठे उचलला ते ठिकाण, पाठवणारा आणि घेणारा यांची नावं-पत्ते, वजन, दरवाजाला सील लावलं असेल तर त्याचा नंबर, धोकादायक रसायन असेल तर त्याचा कोड. इथवर सगळं अपेक्षितच. पण मालाचं वर्णन लिहायची वेळ आली की नियम एकदम काटेकोर होतो. ‘किरकोळ सामान’, ‘सर्व प्रकारचा माल’, ‘आत अमुक असल्याचे समजते’ हे बिल्ट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शब्द इथे चालत नाहीत. साबण असेल तर साबण लिहा, बेअरिंग असतील तर बेअरिंग.

मोजणीचीही तीच तऱ्हा. ‘दहा पॅलेट’ असं लिहून भागत नाही. पॅलेट म्हणजे नुसती लाकडी बैठक. तिच्यावर काय रचलंय ते तिला कुठे ठाऊक? दहा पॅलेटवर दोनशे खोकी असतील तर ‘दोनशे खोकी’ लिहायचं. बाहेरून दिसणारं सर्वांत लहान वेष्टन मोजायचं, हा नियम. का? समजा वाटेत कुणी एक खोकं जास्तीचं सरकवलं. दहा पॅलेट शेवटपर्यंत दहाच राहतात, पण दोनशेची दोनशे एक झाली की लगेच कळतं. किती साधी युक्ती, आणि किती पक्की!

आता यातली खरी गंमत बघा. हे सगळं सांगायची जबाबदारी कुणावर? ज्यानं माल बनवला त्याच्यावर नाही, ज्यानं विकत घेतला त्याच्यावरही नाही. ती आहे वाहतूकदारावर, म्हणजे ज्यानं ती खोकी कधी उघडून पाहिलीच नाहीत त्याच्यावर! मग हा अन्याय नाही का? नियम लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला होता. म्हणून त्यांनी नियमातच लिहून ठेवलं की, वाहतूकदाराला माहिती दुसऱ्याकडून मिळाली असेल आणि ती तपासून पाहणं त्याला व्यवहारात शक्य नसेल, तर रास्तपणे जे खरं वाटतं ते त्यानं कळवावं. रूक्ष सरकारी नियमावलीत माणसाच्या मर्यादेची ही दखल सापडते, तेव्हा मला फार बरं वाटतं.

माल येण्याआधी त्याची खबर घ्यायची ही कल्पना आली कुठून? समुद्रावरून. अमेरिकेनं १७९० साली केलेल्या कस्टम कायद्यात अधिकाऱ्यांना किनाऱ्यापासून चार लीगपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, आत येणाऱ्या जहाजावर चढून कप्तानाकडे मॅनिफेस्ट मागता येत होतं. सरहद्द किनाऱ्यावर होती, पण सरकारचा हात तिच्यापुढे चार लीग पोचत होता. रस्त्यावर मात्र तसं काही नव्हतं. ट्रक यायचा, खिडकीशी थांबायचा, ड्रायव्हर कागदांची चळत पुढे करायचा, आणि आत काय आहे हा विचार अधिकारी तिथून पुढे सुरू करायचा.

मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर प्रत्येक गाडी कसून तपासायची ठरली आणि अ‍ॅम्बॅसेडर पुलावर ट्रकांच्या मैलोन्‌मैल रांगा लागल्या. मिनिटांचा प्रवास दहा-बारा तासांवर गेला. त्याचा फटका कुठे बसावा? डेट्रॉइटच्या परिसरात मोटारी बनतात, आणि एका मोटारीचे सुटे भाग गाडी पुरी होईपर्यंत ही सरहद्द अनेकदा ओलांडतात. ओतकाम इकडे, कातकाम तिकडे, जुळणी पुन्हा इकडे. कारखान्यात साठा जवळजवळ नसतोच, भाग लागेल त्या वेळी दाराशी येतो. म्हणजे या कारखान्यांचं गोदाम त्या पुलावरच्या चालत्या ट्रकांत होतं! ट्रक थांबले आणि काही दिवसांत मोटारींचे कारखानेच बंद ठेवावे लागले.

दोन्ही सरकारांपुढे पेच उभा राहिला. प्रत्येक खोकं उघडलं तर कारखाने बंद, एकही उघडलं नाही तर जीव टांगणीला. १२ डिसेंबर २००१ रोजी कॅनडाच्या वतीनं जॉन मॅन्ले आणि अमेरिकेच्या वतीनं टॉम रिज यांनी ‘स्मार्ट बॉर्डर’ जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यामागचा विचार मला अजब सुंदर वाटतो. जागा कमी पडते ना? मग वेळ वापरू. तपासणी पुलावर सुरू करण्याऐवजी पुलाच्या आधी सुरू करू. १७९० च्या चार लीग अंतराचं आता घड्याळातल्या काट्यात रूपांतर झालं.

पण एकच तास का? दोन का नाहीत, दहा मिनिटं का नाहीत? अमेरिकेच्या २००२ च्या व्यापार कायद्यानं कस्टम खात्याला बजावलं होतं की, मुदत ठरवताना वाहतूकदार, कारखानदार, व्यापारी सगळ्यांशी बोला. डिसेंबर २००३ मध्ये नियम आले तेव्हा प्रत्येक वाहनाचं घड्याळ वेगळं निघालं. आगगाडीला पोचण्याआधी दोन तास. लांबून येणाऱ्या विमानाला चार तास. ट्रकला एक तास. आणि ज्या वाहतूकदाराची, आयातदाराची नि ड्रायव्हरची आधीच पारख झाली आहे, अशा ‘फास्ट’ योजनेतल्या ट्रकला फक्त अर्धा तास. कारखानाच जर पुलापासून वीस मिनिटांवर असेल तर? मग अर्ध्या तासाची ही सवलत सोन्याच्या मोलाची.

कंटेनरवाहू जहाजाचं घड्याळ तर उलटंच लावलं आहे. तिथे पोचण्याआधीचे तास मोजतच नाहीत. परदेशी बंदरात कंटेनर जहाजावर चढवण्याच्या २४ तास आधी तपशील अमेरिकेत पोचला पाहिजे. कारण बंदरात शिरलेल्या जहाजावर काही घातक निघालं, तर ते कळून उपयोग काय? म्हणून न्हावा शेव्याच्या धक्क्यावर अमेरिकेला जाणाऱ्या जहाजात चढू पाहणारा आपला कंटेनर आदल्या दिवशीच कागदोपत्री अटलांटिक ओलांडून गेलेला असतो.

ट्रकचा हा एक तास पुढे जगभर फिरला. जागतिक सीमाशुल्क संघटनेनं २००५ साली सुरक्षित व्यापाराची मानकं ठरवली, त्यांत रस्त्यासाठी एक तासच सुचवला. युरोपीय संघाचा नियमही तासाचाच. आपल्याकडे काय? भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम ३० बघा. जहाज आणि विमान यांनी मॅनिफेस्ट येण्याआधी संगणकावरून द्यायचं, पण ट्रकसारख्या वाहनानं आपला आयात अहवाल पोचल्यानंतर बारा तासांत दिला तरी चालतो. चुकल्यास दंड ५० हजार रुपयांपर्यंत. म्हणजे डेट्रॉइटला घड्याळ गाडीच्या पुढे धावतं, आपल्या जमिनीवरच्या नाक्यांवर ते गाडीच्या मागून येतं.

बरं, त्या एका तासात होतं तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे दोन अनोळखी निरोपांची गाठ पडते. वाहतूकदार आपलं मॅनिफेस्ट पाठवतो. त्याच मालाचे आयातीचे कागद आयातदाराचा कस्टम ब्रोकर वेगळेच भरतो, तोही कदाचित हजार मैलांवरच्या शहरात बसून. दोघांना जोडणारा धागा एकच, वाहतूकदाराच्या कोडनं सुरू होणारा एक क्रमांक, जो बारकोडच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. संगणक हे दोन निरोप शेजारी ठेवतो आणि पाहतो, जुळतात का. एक आकडा इकडचा तिकडे झाला की दोन्ही निरोप खरे असूनही एकमेकांना सापडत नाहीत! एका ट्रेलरमध्ये तीस व्यापाऱ्यांचा माल असेल आणि त्यातल्या एकाचाच क्रमांक चुकला असेल, तर त्या एकापायी अख्खी गाडी अडकू शकते. मालात खायची वस्तू असेल तर अन्न खात्यालाही वेगळी सूचना लागते, आणि तिची मुदत रस्त्यानं येताना दोन तास. म्हणजे पोलादी गजांच्या ट्रकला तासभर, पण बटाट्याच्या वेफर्सच्या ट्रकला दोन तास आधी कळवायचं.

जुळणी झाली की संगणक जोखीम तोलतो. हा पाठवणारा ओळखीचा आहे का? हा माल या वाटेनं नेहमी येतो का? वजन आणि वर्णन यांचा मेळ बसतो का? यातून मोजक्या गाड्यांवर खूण होते आणि बाकीच्यांची वाट मोकळी होते. मग ट्रक येतो, नंबरप्लेट वाचली जाते, किरणोत्सर्ग टिपणाऱ्या खांबांमधून गाडी सरकते. हे खांब केळ्यांनीही वाजतात, कारण केळ्यात पोटॅशियम असतं आणि त्यातला किंचित अंश निसर्गतःच किरणोत्सर्गी असतो. फरशांनी वाजतात, मांजराच्या शौचासाठी वापरतात त्या मातीनंही वाजतात. अशा वेळी मॅनिफेस्टमध्ये ‘किरकोळ सामान’ लिहिलेलं असतं तर? ‘चिनीमातीच्या फरशा, ४०० खोकी’ असं असेल तर खांब का वाजला याचा पहिला धागा अधिकाऱ्याच्या हाती लगेच येतो. नेमक्या शब्दाचा आग्रह कशासाठी होता, ते इथे उमगतं.

आणि कळवलंच नाही तर? अमेरिकेचा कायदा इथे कडक आहे. पहिल्या चुकीला ५,००० डॉलर, पुढच्या प्रत्येक चुकीला १०,००० डॉलर, शिवाय वाहन जप्त होऊ शकतं. ही तरतूद जहाजाचा कप्तान, वाहनाचा ताबा असलेला माणूस आणि विमानाचा वैमानिक अशा तिघांना एकाच ओळीत बसवते. कायद्यानं ट्रक ड्रायव्हरला कप्तानाच्या शेजारी उभं केलं आहे! आणखी एक नवल असं की, मुद्दाम केलेल्या गुन्ह्याचा दंड यापेक्षा कमी आहे, फार तर २,००० डॉलर. पण त्याबरोबर एक वर्षापर्यंतचा तुरुंगवास होऊ शकतो. प्रतिबंधित माल सापडला तर तो पाच वर्षांपर्यंत वाढतो. दंड कमी करावा म्हणून अर्ज मात्र करता येतो.

कॅनडाची रीत निराळी आणि मला जास्त आवडणारी. तिथे २००२ पासून प्रशासकीय दंडाची पायऱ्यांची पद्धत आहे. पहिल्या चुकीला एक रक्कम, दुसरीला जास्त, तिसरीला त्याहून जास्त. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत फेरविचार मागता येतो. रस्त्यावरचं ई-मॅनिफेस्ट तिथे ६ मे २०१५ पासून सक्तीचं झालं. पण पहिले दोन महिने दंडच नव्हता. मग १० जुलैपासून नोटिसा जाऊ लागल्या, आणि त्यांवरची रक्कम होती शून्य डॉलर! चूक नोंदली, नियम दाखवला, पैसा घेतला नाही. टोरोंटोजवळच्या दोन-तीन गाड्यांच्या छोट्या पंजाबी मालकालाही संगणकाचा सराव व्हायला आणखी सहा महिने मिळाले. खरे डॉलर ११ जानेवारी २०१६ पासून लागले.

तरी ट्रकवाल्याला सर्वांत महाग पडतो तो दंड नव्हे, तर परतीचा पूल. मॅनिफेस्ट न पाठवता अमेरिकेच्या बूथपर्यंत गेलेल्या ट्रकला तिथूनच माघारी पाठवता येतं. तो ज्या देशातून निघाला तिथेच परत येतो, दुसऱ्या देशात त्यानं प्रवेशही केलेला नसतो. पण पूल उतरताना कॅनडाच्या कस्टमच्या दृष्टीनं तो पलीकडून आलेली गाडी असतो, आणि त्याला त्यांच्यापुढे हजेरी द्यावीच लागते. ती झाली की मॅनिफेस्ट पाठवायचं आणि तास पहिल्या मिनिटापासून मोजायचा.