दाढदुखीची गोळी : एका गोळीत दोन औषधं

आज आपण दाढदुखीच्या गोळीविषयी बोलू. आपल्या नांदेड-लातूरकडं दाढ ठणकली की आधी लवंग धरायची, नाहीच राहिली तर मेडिकलवर जाऊन ‘दाढंची गोळी द्या’ म्हणायचं. हातात पडते ती गोळी एकच, पण बहुतेकदा तिच्यात औषधं दोन असतात.

दोन कशाला? दाताच्या आत नस असते, भोवती कडक कवच. नस सुजली तर फुगायला जागाच नाही, म्हणून ठणका लागतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक ही औषधं सूज आणणारे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदूच्या पातळीवर दुखणं कमी करतं. दोन वेगळ्या वाटांनी काम होतं, म्हणून जोडीनं आराम जास्त पडतो.

धोका इथंच आहे. नाव वेगळं, आतलं औषध तेच! हिशेब बघा. जोडगोळीत पॅरासिटामॉल साधारण ३२५ मिलिग्रॅम. दिवसात तीन घेतल्या, ९७५ झाले. अंग गरम वाटलं म्हणून ६५० च्या चार घेतल्या, ३५७५ झाले. त्यात सर्दीच्या ५०० च्या तीन गोळ्या, की गेलो आपण ५०७५ वर. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. पुढचा भार यकृतावर. दारू पिणाऱ्याला धोका आणखी मोठा.

दुसऱ्या औषधाचंही तसंच. डायक्लोफेनॅक चालू असताना कंबरेसाठी असेक्लोफेनॅक घेतलं, तर आराम दुप्पट होत नाही. जठरात जखम, रक्तस्राव आणि किडनीला इजा यांचा धोका मात्र वाढतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रानात राबून अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, तेव्हा किडनीला जास्त जपावं लागतं. अल्सर, किडनीचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

सरकारचंही अशा जोड्यांवर लक्ष आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं १५६ मिश्रणांवर बंदी घातली. असेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळी त्यातच होती. म्हणजे दोन औषधं एकत्र केली की फायदा होतोच, असं नाही.

आणि मुख्य गोष्ट: गोळीनं ठणका थांबतो, कीड थांबत नाही. गालाला सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. एरवीही दातांच्या डॉक्टरांकडं जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. नावं पाठ नसली तरी चालेल. पट्टीवर आतलं औषध लिहिलेलं असतं.