आजीला सहा का पडेना?

आमच्या चाळीत बारावी कॉमर्सला असलेल्या एका मुलीने गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत संगणकावर सापशिडीचा खेळ तयार केला. ‘तयार केला’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. मोबाईलवर खेळ खेळणारी मुले घरोघरी आहेत आणि त्यावरून होणारी भांडणेही घरोघरी आहेत. खेळ करणारे मूल मात्र मी प्रथमच जवळून पाहिले, म्हणून ही हकिकत जरा सविस्तर सांगतो.

तिच्याकडे मामाने दिलेला जुना लॅपटॉप होता. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे वायर प्लगमध्ये असेल तोवरच तो चाले. क्लास लावलेला नव्हता. प्रोग्रॅमिंग म्हणजे मोठी फी आणि महागडे यंत्र, असा आपल्या पालकांचा समज असतो. मोठ्या कामाला ते लागतही असेल. पण ब्राउझरमध्ये चालणारा साधा खेळ करायला नोटपॅड आणि ब्राउझर एवढेच पुरते. नोटपॅडमध्ये लिहायचे, फाइल सेव्ह करायची, ब्राउझरमध्ये उघडायची. त्या वेळी इंटरनेट चालू असण्याचीही गरज नाही.

हे फुकट कसे, असा प्रश्न मलाही पडला. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या युरोपातील संशोधन संस्थेत मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र कोणतेही शुल्क न ठेवता सर्वांना खुले केले. पुढे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा पहिल्या रूपात अवघ्या दहा दिवसांत उभी केली. आज ती ब्राउझरमध्येच असते, वेगळी विकत घ्यावी लागत नाही. पानावर काय काय आहे ते एचटीएमएलमध्ये लिहायचे, रंगरूप सीएसएसमध्ये, आणि हालचाल जावास्क्रिप्टमध्ये.

बुद्धिबळ सोडून सापशिडीच का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “काका, सापशिडीत खेळणाऱ्याला डोकं चालवावंच लागत नाही. मग कॉम्प्युटरलाही शिकवावं लागत नाही.” विचार केला तर खरे आहे. दान पडेल तितकी घरे पुढे जायचे, शिडी आली तर वर, साप आला तर खाली. मुळात आपल्याकडचा हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला आणि तिथल्या मुलांचा झाला. जुन्या पटांवर साप म्हणजे दुर्गुण आणि शिड्या म्हणजे सद्गुण असत, पण निवड तेव्हाही फाशाचीच होती.

नियम मात्र एकूण एक सांगावे लागतात. सहा पडल्याशिवाय सोंगटी सुटते का? सहा पडल्यावर पुन्हा डाव मिळतो का? ९८ वर असताना पाच पडले तर काय करायचे? आपण घरी खेळतो तेव्हा हरणारा जसा ओरडेल तसे नियम बदलतात. संगणकापुढे ते चालत नाही. शेवटी घरातल्या सर्वांना विचारून तिने वहीत नियम लिहून काढले. त्यात आजीचा नियम कायम राहिला, सहा पडल्याशिवाय सोंगटी सुटायची नाही.

पहिली अडचण पटाची आली. पान वरून खाली, डावीकडून उजवीकडे भरत जाते. सापशिडीचा एक खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि आकडे नागमोडी चढतात. १० च्या डोक्यावर ११ आणि तिथून उलट दिशा. तिच्या पहिल्या पटावर १० वरची सोंगटी ११ ला जाताना एकदम दुसऱ्या टोकाला उडी मारायची. एक ओळ सरळ, एक ओळ उलटी, हे बसवायला तिला तीन दिवस लागले. मध्ये एकदा सगळे पानच कोरे झाले, आणि “हे आपल्यासारख्यांचं काम नाही” असे म्हणून तिने लॅपटॉप मिटून ठेवला. दुसऱ्या दिवशी एफ-१२ दाबून पाहिले तेव्हा चूक कोणत्या ओळीत आहे ते ब्राउझरने लाल अक्षरांत लिहिलेले होते. एक कंस मिटवायचा राहिला होता. तेरीज जुळत नाही म्हणून रात्री आठपर्यंत बसलेल्या कारकुनाला यात नवल वाटणार नाही. फरकाला नवाने भाग गेला तर कुठेतरी ५४ चे ४५ झाले असावेत, हे आम्हीही असेच ठेचा खाऊन शिकलो.

खरी गंमत फाशाची झाली. जावास्क्रिप्ट मागितल्यावर शून्य ते एकच्या मधला कोणताही अपूर्णांक देते. तिने त्याला सहाने गुणले आणि जवळच्या पूर्ण आकड्यात नेले. त्यामुळे कधी कधी शून्य पडू लागले. यावर तिने तोड काढली की शून्य आले तर आपोआप पुन्हा फासा टाकायचा. शून्य दिसेनासे झाले, खेळ सुरू झाला.

आजी खेळायला बसली. सगळ्यांच्या सोंगट्या कशाबशा सुटल्या, आजीची घरातच. ती म्हणाली, “हा फासा लबाड आहे. यात सहा कमी आहेत.” सगळे हसले. शाळेची पायरी न चढलेली बाई मशीनची चूक काढते, म्हणून मीही हसलो. मुलगी मात्र हसली नाही. तिने चार ओळी लिहून तोच फासा ६००० वेळा टाकला आणि मोजदाद केली. एक ते पाच हे आकडे प्रत्येकी १०९० च्या आसपास आले होते. सहा जेमतेम साडेपाचशे.

कारण वहीवर मांडल्यावर कळले. जवळच्या आकड्यात नेताना एक ते पाच यांना पूर्ण वाटा मिळतो. दोन टोकांच्या शून्याला आणि सहाला अर्धाच. शून्य तिने हाकलून दिले, पण सहाचा अर्धा वाटा अर्धाच राहिला. न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून तेरीज जुळवली की चूक जागच्या जागी राहते, तसाच हा प्रकार. उपाय सोपा निघाला. सहाने गुणून अपूर्णांक सोडून द्यायचा, म्हणजे शून्य ते पाच उरतात, आणि त्यात एक मिळवायचा. पुन्हा ६००० वेळा टाकल्यावर सहाही अंक हजाराच्या आतबाहेर आले.

त्या रात्री आजीची सोंगटी चौथ्या दानाला सुटली. पुढे ती ९७ वर पोचली आणि तिथल्या सापाने तिला थेट २४ वर आणून सोडले. आजीने चष्मा सारखा केला आणि नातीला विचारले, “हा साप मोजून बघितलास का गं?”