सकाळचा गार ट्रॅक्टर : इंजिन किती वेळ तापवावे?

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत पहाटेची थंडी चांगलीच बोचते. एखादे दिवशी पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. नेमके हेच दिवस ट्रॅक्टरच्या धांदलीचे असतात. मांजरा व गोदावरीकाठचा ऊस कारखान्यांकडे निघालेला असतो आणि तूर निघालेल्या रानात नांगर घालावयाचा असतो. अशा सकाळी गावोगाव एक दृश्य हमखास दिसते. ट्रॅक्टर चालू करून चालक चहाला निघून जातो आणि इंजिन पंधरा-वीस मिनिटे उभ्यानेच धडधडत राहते. गार इंजिन एकदम ओढीला लावू नये, हा त्यामागील विचार योग्यच आहे. रीत मात्र नुकसानीची आहे.

ही रीत जुन्या पेट्रोल मोटारींकडून आलेली दिसते. अँबॅसिडर, फियाट या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नसे, म्हणून चोक ओढून गाडी काही वेळ उभी ठेवावी लागे; तसे न केल्यास ती गचके देऊन बंद पडे. सन २००० च्या सुमारास नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेला आणि त्याबरोबर ही गरजही संपली. डिझेल इंजिनास तर कार्ब्युरेटर कधीच नव्हता. त्यात हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांपलीकडे तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. लडाखसारख्या प्रदेशात कडाक्याच्या थंडीने डिझेल गोठू लागते, तेथील गोष्ट निराळी. मराठवाड्यात ती वेळ येत नाही.

मग काळजी घ्यावयाची ती कशाची? तेलाची. सामान्यतः वापरले जाणारे १५ डब्ल्यू ४० प्रतीचे तेल शंभर अंशांवर जितके पातळ असते, त्याच्या सुमारे सातपट घट्ट ते चाळीस अंशांवर असते. पहाटेच्या दहा-बारा अंशांवर तर ते काकवीसारखे होते. रात्रभरात बरेचसे तेल खाली चेंबरमध्ये उतरलेले असते. इंजिन चालू होताच पंप ते वर चढवितो आणि काही सेकंदांत दाबाचा दिवा विझतो. त्यानंतर मंद गतीवर एखादे मिनिट, फार थंडी असल्यास दोन मिनिटे, एवढा अवधी पुरतो. टर्बो बसविलेल्या इंजिनात हे मिनिट कटाक्षाने पाळावे, कारण तो अतिशय वेगाने फिरतो व तेलावाचून क्षणभरही तग धरीत नाही.

यापुढे उभे ठेवल्याने इंजिन फारसे तापत नाही. ओझे नाही म्हणून डिझेल थोडे जळते, आणि थोडे जळते म्हणून उष्णताही थोडीच निर्माण होते. गार सिलिंडरात डिझेल अर्धवट जळून सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो. न जळलेले डिझेल लायनरवरील तेलाचा थर धुऊन खाली उतरते व चेंबरमधील तेल पातळ करते. नोझल व व्हॉल्व्हवर काजळी धरते. ज्या झिजेच्या भीतीने इंजिन उभे ठेवले, तीच झीज अशाने ओढवून घेतली जाते. शिवाय मध्यम शक्तीचा ट्रॅक्टर नुसता उभा राहून तासाला साधारण एक लिटर डिझेल पितो. रोजची पंधरा मिनिटे धरली, तरी शंभर दिवसांत पंचवीस लिटर होतात.

इंजिन तापवावयाचे ते हलक्या कामाने. मिनिटभरानंतर ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये, अवजार न जोडता, मध्यम गतीने चालवावा. पाच-दहा मिनिटांत उष्णतादर्शक काटा वर सरकतो. यात गिअरपेटी व हायड्रॉलिकचे तेलही पातळ होते; उभ्या इंजिनाने ते तितकेसे तापत नाही. ऊस वाहणाऱ्यांनी येथे विशेष ध्यान द्यावे. रात्री भरून ठेवलेली ट्रॉली काळ्या रानातून बाहेर काढणे हेच दिवसातील सर्वांत जड काम, आणि तेच पहिले केले जाते! तत्पूर्वी मोकळा ट्रॅक्टर बांधापर्यंत नेऊन आणावा व मगच ट्रॉली जोडावी.

काटा अर्ध्या तासानंतरही वर येत नसेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही ते पाहावे. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून कित्येक मिस्त्री तो काढून टाकतात. पुढे तो परत बसविला जात नाही, आणि इंजिन सबंध हिवाळाभर गार राहून झिजते. उन्हाळ्यातील तापण्यास बहुधा रेडिएटरमध्ये अडकलेला भुसा व धूळ कारण असते. तो साफ करावा, थर्मोस्टॅट काढू नये.

विहिरीवरील हँडलच्या जुन्या डिझेल इंजिनाची तऱ्हा थोडी वेगळी. पंपाचेच पाणी नळीने इंजिनातून फिरविलेले असते, आणि कॉक पूर्ण उघडा ठेवला की विहिरीचे थंड पाणी त्यास तापूच देत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरून पाहावा. ते थंडगार लागल्यास कॉक थोडथोडा आवळावा. हाताला जेमतेम सोसेल इतके गरम पाणी येऊ लागले की तेथेच तो राहू द्यावा.