एकाच डावाचा वस्ताद

बीडमध्ये १९७२ साली जन्मलेले संजय बांगर भारताकडून १२ कसोटी आणि १५ एकदिवसीय सामने खेळले. क्रिकेटवेड्या माणसासमोर त्यांचं नाव काढलं की त्याला २००२ची हेडिंग्लेची कसोटी आठवते. ढगाळ हवेत चेंडू हलत असताना सलामीला आलेल्या बांगर यांनी २३६ चेंडू खेळून ६८ धावा केल्या, राहुल द्रविडबरोबर १७० धावांची भागी रचली, आणि मग द्रविड, तेंडुलकर, गांगुली या तिघांच्या शतकांनी सामना डावाने खिशात घातला. शतकवीर लक्षात राहिले, नव्या चेंडूची धार बोथट करणारा तळटीपेत गेला. बांगर यांची दुसरी कारकीर्दही तळटीपेतलीच आहे. ऑगस्ट २०१४ पासून २०१९च्या विश्वचषकापर्यंत ते भारतीय संघाच्या फलंदाजीचे प्रशिक्षक होते. त्याआधी आणि त्यानंतर आयपीएलमध्ये पंजाब आणि बंगळुरूच्या संघांबरोबरही त्यांनी काम केलं. मुख्य प्रशिक्षकाचं नाव घरोघरी माहीत असतं. खेळाच्या एकाच अंगाची जबाबदारी घेणारा प्रशिक्षक मात्र हरल्याशिवाय कुणाला दिसत नाही. बीडसारख्या जिल्ह्याला नव्या क्रीडासंकुलाच्या आधी अशा माणसाची गरज आहे, असं माझं म्हणणं आहे. तो इथे नाही, याला पैसा जेवढा कारण आहे तेवढंच त्याचं काम मोजण्याची आपली पद्धतही कारण आहे.

या पेशाचं सगळ्यात घडीव रूप पाहायचं तर अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलकडे जावं लागतं. तिथे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात आणि फक्त पिचरना घडवणारा तो पिचिंग कोच. पिचर आपल्या गोलंदाजाच्या जागी असतो खरा, पण त्याच्यावरचा भार वेगळाच. मातीच्या उंचवट्यावर उभं राहून तो ६० फूट ६ इंचांवरच्या फलंदाजाकडे टप्पा न पाडता चेंडू फेकतो. षटक संपलं म्हणून दुसऱ्या टोकाकडून कुणी येत नाही. त्याला बदलेपर्यंत प्रत्येक चेंडू त्याचाच. वरच्या श्रेणीतल्या कॉलेज संघाच्या हंगामात स्पर्धेच्या बाद फेऱ्या धरण्याआधीच ५६ सामने असतात, बहुतेक शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन आणि मधल्या वारी एखादा. शुक्रवारी कोण टाकणार, तो दमला की कुणाला आणायचं, रविवारसाठी कुणाचा हात राखून ठेवायचा, हा हिशेब पिचिंग कोचचा. कॉलेजच्या खेळात पुढचा चेंडू कोणता टाकायचा हेही बहुतेक वेळा तोच बाकावरून खुणेने सांगतो, आणि २०२२ पासून त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणालाही परवानगी आहे. सामना नसलेल्या दिवशी चेंडूचा वेग, फिरकी आणि हातातून सुटण्याची उंची यंत्रावर मोजायची, एकाच मुलाचं पाऊल दोन इंच हलवून आठवडाभर निरीक्षण करायचं, आणि उरलेल्या वेळात गावोगावच्या शाळांतून पुढच्या वर्षीचे पिचर हेरायचे. नोकरीत शिरण्याचा रस्ताही ठरलेला असतो. आधी स्वतः कॉलेजात खेळायचं, मग पदव्युत्तर शिक्षण घेता घेता सहायकाचं काम करायचं, मग छोट्या कॉलेजात पिचिंग सांभाळायचं, आणि नशीब फळलं तर मोठ्या विद्यापीठात किंवा मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीत.

नशीब फळणं म्हणजे काय, हे वेस जॉन्सन यांच्या उदाहरणावरून कळतं. जून २०२२ मध्ये, व्यावसायिक लीगचा हंगाम ऐन भरात असताना, ते मिनेसोटा ट्विन्सच्या पिचिंग कोचचं पद सोडून लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या त्याच पदावर गेले. व्यावसायिक संघ सोडून कॉलेजात जाणं आपल्याला उतरणीची वाट वाटेल, पण तिथल्या मोठ्या विद्यापीठांत पगार आणि मान दोन्ही भरघोस असतात. पुढच्याच वर्षी त्या विद्यापीठाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं आणि त्यांचा पिचर पॉल स्कीन्स व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. जॉन्सन लगेच जॉर्जिया विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. एका हंगामाने माणूस कुठून कुठे पोचला.

आता बांगर यांच्या बाबतीत हेच उलटं कसं घडलं ते पाहू. २०१९च्या विश्वचषकात रोहित शर्माने ५ शतकांसह ६४८ धावा केल्या आणि भारत साखळीत पहिला आला. उपांत्य फेरीत न्यूझीलंडच्या २३९ धावांचा पाठलाग करताना पहिले तिघे प्रत्येकी एक धाव काढून बाद झाले आणि भारत १८ धावांनी हरला. फलंदाजीतल्या चौथ्या क्रमांकाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत होता हे खरंच; धोनीला सातव्या क्रमांकावर का पाठवलं यावरही रणकंदन झालं. ऑगस्टमध्ये नव्या नेमणुका झाल्या तेव्हा मुख्य प्रशिक्षक शास्त्री राहिले, गोलंदाजीचे अरुण राहिले, क्षेत्ररक्षणाचे श्रीधर राहिले आणि बांगर यांच्या जागी विक्रम राठोड आले. हा निर्णय चुकीचाच होता असं मी म्हणत नाही. पण बांगर यांच्या काळाला दुसरीही बाजू आहे. २०१४च्या इंग्लंड दौऱ्यात विराट कोहलीने पाच कसोटींत मिळून १३४ धावा केल्या होत्या. २०१८ मध्ये त्याच भूमीवर तितक्याच कसोटींत ५९३. मधल्या चार वर्षांत फलंदाजीचे प्रशिक्षक बांगर होते. त्या सुधारणेचं श्रेय त्यांचं किती, तेंडुलकरच्या सल्ल्याचं किती आणि कोहलीच्या स्वतःच्या जिद्दीचं किती, याची वाटणी कुणी करू शकत नाही, कारण सल्ला आणि सराव एकमेकांत मिसळून जातात. चार वर्षांचा हा बदल वाटून देता येत नाही म्हणून कुणाच्याच खात्यावर पडत नाही, आणि पाऊण तासातली पडझड मात्र एका माणसाच्या नावावर टाकता येते. मोजण्याची ही पद्धत अमेरिकेत जॉन्सनना वर नेते आणि इथे बांगर यांना घरी बसवते. दोन्हीकडे ती तितकीच आंधळी आहे.

बीडच्या कॉलेजांत हा प्रश्न येतच नाही, कारण मोजायला माणूसच नाही. जिल्ह्यातली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि खेळाचा कारभार प्रत्येक ठिकाणी शारीरिक शिक्षण संचालकाकडे असतो. मुलं त्यांना स्पोर्ट्सचे सर म्हणतात. एम.पी.एड. आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. ही त्या पदाची पात्रता. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, क्रिकेट, कुस्ती, व्हॉलीबॉल, हँडबॉल आणि संघ जमला तर बेसबॉलही, असं सगळं त्या एकाच माणसाच्या पदरात. प्रवेशिका भरणं, ओळखपत्रं, प्रवासखर्चाची बिलं, एनसीसी-एनएसएसच्या कार्यक्रमाला मैदान, ही कामं वेगळीच. यात त्या सरांचा दोष नाही. शारीरिक शिक्षण देणं आणि एखाद्या खेळाच्या एका कौशल्यात मुरलेलं असणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. म्हणूनच पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षकांना घडवते आहे. पण कॉलेजच्या पदांच्या यादीत प्रशिक्षकाला जागा नाही. जिल्हा क्रीडा कार्यालयात क्रीडा मार्गदर्शकांची पदं असतात, तीही खेळानुसार. खेळातल्या एका अंगानुसार नव्हे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. बीडने अविनाश साबळे दिला, राहुल आवारे दिला, मग प्रशिक्षकावाचून काय अडलं? ही दोन्ही उदाहरणं जरा जवळून पाहू. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. तिथे तो क्रॉस कंट्री धावू लागला आणि सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळवलं. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. नुसत्या दमावर ती निघत नाही, अडथळ्यावर पाऊल कुठे पडतं यावर निघते. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनिया नेत असे. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला साबळेने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेऊन ती रांग मोडली, सुवर्णापासून सेकंदाच्या विसाव्या भागाने दूर राहून. पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्या हाताखाली घडला आणि २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण घेऊन आला. बांगर स्वतः रेल्वेकडून रणजी खेळले. पाय, दम, जिद्द बीडची. पण त्यांना आकार देणारा माणूस सैन्यात, पुण्यात, रेल्वेत. ज्यांना सैन्य किंवा तालीम सापडली त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, एवढंच या उदाहरणांतून सिद्ध होतं. सापडली नाही त्यांचा हिशेब त्यातून निघत नाही. उलट बाजूचा पुरावा क्रिकेटपटू सचिन धसचा. तो लहानपणापासून बीडमध्येच अझहर शेख यांच्याकडे शिकला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारत ४ बाद ३२ असताना मैदानात उतरून ९६ धावांची खेळी करून गेला. प्रशिक्षक जिल्ह्यात असला तर जिल्ह्यातही होतं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. थोडा वळवता येईल इतकंच. अमेरिकन विद्यापीठांकडे टीव्हीचे हक्क आहेत, देणगीदार आहेत, भरगच्च मैदानं आहेत. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना बघायला बहुधा खेळाडूंचे मित्रच येतात. मात्र त्या श्रीमंत व्यवस्थेतही बेसबॉलच्या संघात २०२३च्या जुलैपर्यंत मुख्य प्रशिक्षक आणि दोन पगारी सहायक एवढ्यांनाच मुभा होती. चौथा माणूस स्वयंसेवक या नावाखाली विनापगारी राबत असे, आणि बऱ्याच जणांची उमेदवारी त्याच जागेवर सरली. म्हणजे पैसा होता तिथेही या कामाची किंमत उशिरा कळली. बीडमध्ये प्रत्येक कॉलेजने वेगवान गोलंदाजीचा, उड्यांचा आणि चढाईचा वेगळा प्रशिक्षक नेमावा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई इथल्या कॉलेजांनी मिळून एका विद्येचा एक माणूस ठेवला आणि तो आठवड्यातून ठरल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी गेला, तर खर्च एका कंत्राटी प्राध्यापकाच्या आसपास राहील. कोणती विद्या आधी निवडायची, हेही जिल्ह्याकडे बघूनच ठरवावं. माझं मत विचाराल तर क्रिकेटला रांगेत शेवटी उभं करावं, कारण त्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. कोवळ्या वयात एकाच गोष्टीचा रतीब लावला की मूल मोडतं. बेसबॉलचाच दाखला आहे: १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा अस्थिबंध दुसरीकडून घेऊन बसवला. तेव्हाची ती अपूर्व शस्त्रक्रिया आज पिचरांमध्ये नेहमीची झाली आहे, अगदी शाळकरी मुलांमध्येही. पण यावरचा उतारा पुन्हा तोच तज्ज्ञ आहे. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत १७-१८ वर्षांच्या पिचरने एका दिवसात १०५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत आणि किती टाकले तर किती दिवस विश्रांती, याचं कोष्टक आहे. ते पाळायला मोजणारा माणूस लागतो. आठ खेळ एकट्याने सांभाळणाऱ्या सरांना हे शक्यच नाही. मुलगा चांगला टाकतोय, मग त्यालाच टाकू द्या, असंच तिथे होणार. बीडमध्ये या मोजणीत आणखी एक रकाना लागेल. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा रंगात येतात त्याच सुमाराला, दिवाळीच्या आगेमागे, ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि कितीतरी घरं कोयते बांधून कारखान्यांकडे निघतात. आईवडिलांमागे घर, जनावरं, धाकटी भावंडं सांभाळणारा किंवा स्वतः फडात उतरणारा मुलगा सरावाला का येत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच त्याच्या वर्षाची आखणी करू शकतो. बाहेरून आठ दिवसांच्या शिबिरासाठी आलेल्या नामवंताला ते जमायचं नाही.

राहिला प्रश्न असा की घडलेला मुलगा पुण्या-मुंबईला निघून जाणार, मग बीडच्या कॉलेजाला काय मिळालं? तो जाणारच. पॉल स्कीन्सही लुइझियानाला येण्याआधी दोन वर्षं वायुसेना अकादमीच्या संघात होता; अजिंक्यपद दुसऱ्यांच्या नावावर लागलं. त्यामुळे बीडमधल्या अशा प्रशिक्षकाचा करार करायचा तर तो तीन-चार वर्षांचा असावा, आणि त्याच्या नूतनीकरणाच्या वेळी पदकांच्या जोडीला तीन साधे आकडे मागावेत: पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षी किती जण अजून खेळतात, किती जणांची स्वतःची कामगिरी सुधारली, आणि दुखापतीने किती जण घरी बसले. हे आकडे ठेवायला वही पुरते. स्पोर्ट्सच्या सरांच्या टेबलावर आज ज्या वह्या आहेत त्यांत प्रवेशिका आणि प्रवासभत्त्याचे रकाने आहेत, हे नाहीत.