शतावरी : मुळी गुणाची, पण आधी तपासणी

घरात बाळंतीण आली की खानदेशातल्या आपल्या घरांत स्वयंपाकघराचा वासच बदलतो. तुपात फुललेला डिंक, हरीऱ्यातली सुंठ, खारीक, अळीव. चाळीस दिवसांचा चिल्ला पुरा होईपर्यंत दादी किंवा नानीचा शब्द शेवटचा. बाळाला दूध पुरत नसेल तर त्या एक नाव हमखास घेतात : शतावरी. हकीमसाहेब तिलाच सतावर म्हणतात.

आता हीच शतावरी नव्या रूपात दारात आली आहे. मोबाइलवर जाहिरात येते, शेजारीण डबा दाखवते. पाळी अनियमित, मूल राहत नाही, पाळी जाण्याच्या वयातला त्रास, अशक्तपणा. सगळ्यांवर एकच उत्तर : ‘हार्मोन्सचे संतुलन’. आजीच्या अनुभवाला आम्ही नावे ठेवत नाही. पण अनुभव कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे प्रत्येक घराने समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

शतावरी ही काटेरी वेल. पाने सुईसारखी बारीक, फुले पांढरी आणि सुगंधी, फळे पिकली की लाल. खरा माल जमिनीखाली असतो. एका वेलीला बोटांएवढ्या जाड मुळ्यांचा घोसच लागतो, म्हणून शतमुळी हेही तिचे नाव. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर हे तालुके सातपुड्याच्या कुशीतले. तिथले तडवी, पावरा आणि भिल्ल समाज पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या मुळ्या ओळखत आले आहेत. मात्र मूळच उपटले की वेल संपते. म्हणून लागवडीची शतावरी घेणे जंगलाच्याही हिताचे.

आयुर्वेद शतावरीला बल देणारी आणि दूध वाढवणारी मानतो. युनानीतही सतावर दुधासाठी दिली जाते. आधुनिक चाचण्या मात्र थोड्या आणि लहान आहेत, आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. 1996 मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात आलेल्या चाचणीत शतावरी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मातांमध्ये फरक दिसला नाही. 2011 मधल्या दुसऱ्या चाचणीत फायदा दिसला. म्हणजे मुळी निरुपयोगी नाही, पण हमखास गुण येईलच असेही नाही. दूध वाढण्याचा पहिला उपाय आजही तोच आहे : बाळाला वारंवार अंगावर घेणे, आईला पोटभर जेवण, पाणी आणि झोप देणे. पवित्र कुरआनने पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख करताना त्या काळात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे (अल-बकरा : 233). डब्याआधी हे आठवावे.

आता ‘हार्मोन’चा प्रश्न. हार्मोन हा एकच पदार्थ नाही. पाळी चुकते ती थायरॉइडमुळे, पीसीओडीमुळे, अचानक वजन वाढल्या-घटल्यामुळे किंवा साधा गर्भ राहिल्यामुळेही. अशक्तपणामागे बहुधा रक्ताची कमतरता असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये ती आढळली. ती लोहाने भरून निघते, शतावरीने नाही. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, स्तनात गाठ लागली, अंगावरून फार जाऊ लागले, तर एक दिवसही चूर्णावर काढू नये. कर्करोग असेल तर गेलेले महिने परत मिळत नाहीत.

आपल्याकडे हे महिने जातात ते बहुतेक वेळा लाजेपोटी. पुरुष डॉक्टरसमोर कसे बोलायचे, घरच्यांना कसे सांगायचे! हया हा ईमानचा भाग आहे, यात शंका नाही. पण हजरत आयशा (र.) यांनी अन्सारच्या स्त्रियांचे कौतुक केले ते याचसाठी, की दीन समजून घेताना हया त्यांच्या आड आली नाही. पाळीचे आणि गुस्लचे प्रश्न त्यांनी थेट विचारले. मग स्वतःच्या जिवाचा प्रश्न आपण का दाबावा? हवे तर स्त्री डॉक्टर शोधा, सासूबाईंना सोबत न्या, पण जा.

शतावरी घ्यायची असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. गरोदर असाल, स्तनाचा किंवा गर्भाशयाचा आजार असेल, लघवी वाढवणारी औषधे चालू असतील, तर विचारल्याशिवाय घेऊ नये. दाणेदार ‘कल्पा’त साखर भरपूर असते, मधुमेह असेल तर जपावे. आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी : आसव आणि अरिष्ट आंबवून बनतात, त्यामुळे त्यांत आपोआप अल्कोहोल तयार होते. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. लेबल वाचा, शंका असेल तर आलिमांना विचारा. साधे चूर्ण दुधासोबत घेतले तर हा प्रश्नच उरत नाही.

सल्ला मात्र शिकलेल्या वैद्याचा किंवा हकीमाचा घ्यावा. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो नुकसानीला जबाबदार ठरतो, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. जळगावात इकरा युनानी महाविद्यालय आहे. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. गरोदर भगिनींसाठी दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासणी असते.

अल्लाहने आजार दिला तसा इलाजही दिला आहे. तो शोधण्याची मेहनत आपली. दादीच्या हरीऱ्यात शतावरीला जागा आहे, ती राहू द्या. पण डॉक्टरची जागा तिला देऊ नका.