गेमिंग पीसीची रॅम वाढवायचीय? ग्राफिक्स कार्डाला पैसे मोजण्याआधी हे तपासा

मागच्या पावसाळ्यात भीमाशंकरला दर्शनाला गेलो होतो. येताना आंबेगाव तालुक्यात मामाकडे मुक्काम केला. चहा संपायच्या आधीच मामेभावाने मला पीसीसमोर नेऊन बसवलं. "दादा, गेम सारखा अडकतो. ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. बाबांनी हिरड्याचे पैसे बाजूला ठेवलेत."

हिरड्याचे पैसे म्हणजे काय, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात रान तुडवून, झाडावर चढून हिरडा गोळा करायचा, वाळवायचा, मग विकायचा. ते पैसे चुकीच्या पार्टवर जायला नकोत. म्हणून म्हटलं, "थांब, आधी नक्की काय कमी पडतंय ते बघू."

रॅम कमी पडतेय हे कसं ओळखायचं?

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि एसएसडी म्हणजे माळा. हाताशी लागणारं सामान ओट्यावर असतं. ओटा भरला की विंडोज काही सामान माळ्यावर टाकते आणि लागेल तसं खाली काढते. या चढउतारात गेम अडकतो.

गेम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' उघडा. तिथे या गोष्टी बघा:

- वापर: गेम चालू असताना रॅम ९० टक्क्यांच्या वर आणि त्याच वेळी डिस्कही धावत असेल, तर रॅम कमी पडतेय. ६०-७० टक्केच असेल, तर नुसती जागा वाढवून फार फरक पडणार नाही.
- स्पीड: रॅम सध्या किती वेगाने चालतेय.
- स्लॉट्स युज्ड: किती स्लॉट भरलेत, किती रिकामे आहेत.
- हार्डवेअर रिझर्व्ह्ड: किती रॅम आधीच राखीव आहे.

भावाच्या पीसीत रायझन ५ ५६००जी प्रोसेसर होता. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रॅम ८ जीबीची एकच स्टिक, त्यातली २ जीबी राखीव. म्हणजे विंडोज, ब्राउझर आणि गेम या सगळ्यांना मिळून राहिली ६ जीबी. वापर ९५ टक्क्यांवर!

एक स्टिक आणि दोन स्टिक, फरक काय?

५६००जीमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतं. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते आपल्या रॅममधूनच जागा घेतं. म्हणूनच ती २ जीबी राखीव होती. पण जागेइतकाच वेगही महत्त्वाचा.

डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते. दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनलवर लावल्या की हाच आकडा ५१.२ जीबी होतो. श्रावणात भीमाशंकरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा शेजारी दुसरा रस्ता उघडावा, तसंच हे. याला ड्युअल चॅनल म्हणतात. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणाऱ्यांना याचा सर्वांत जास्त फायदा होतो. वेगळं कार्ड असेल तर त्यावर स्वतःची मेमरी असते, त्यामुळे फरक तुलनेने कमी दिसतो.

मी भावाला सांगितलं, "कार्ड राहू दे. आधी अशीच अजून एक ८ जीबीची स्टिक आण."

विकत घेताना काय बघायचं?

- डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही. दोन्हींना २८८ पिनाच असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका.
- लॅपटॉपची स्टिक आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही.
- शक्यतो जुन्या स्टिकचाच ब्रँड, क्षमता आणि स्पीड घ्या. वेगवेगळ्या स्टिक बऱ्याचदा चालतात, पण खात्री नसते आणि वेग कमी स्पीडच्या स्टिकचाच मिळतो.
- प्रोसेसर आणि बोर्डाची मर्यादा बघा. उदाहरणार्थ, कोअर आय३-१०१०० आणि एच४१० बोर्ड असेल, तर ३२०० ची रॅमसुद्धा २६६६ वरच चालते.
- पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल, तर जुन्या स्टिकचा फोटो सोबत न्या. सेकंड हँड घेत असाल तर समोर लावून दाखवायला सांगा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. त्यामुळे कुणी जुना भाव सांगितला तर त्यावर विसंबू नका, त्या दिवशीचा भाव विचारा.

स्टिक कशी बसवायची?

पीसी शट डाऊन करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाईल. चार स्लॉट असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा. बोर्डाचं मॅन्युअल मात्र बघाच. खाच जुळवा आणि 'टक' आवाज येईपर्यंत दोन्ही टोकं सारखी दाबा.

नवी स्टिक आल्यावर आम्ही हे सगळं केलं आणि पीसी सुरू केला. स्क्रीन काळी! भावाचा चेहरा उतरला. "दादा, गेलं का?"

पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळणी करून घेतो, त्यात वेळ जातो. डीडीआर५ ला तर काही मिनिटंही लागू शकतात, तेव्हा घाईने बंद करू नका. आम्ही वाट पाहिली, काही झालं नाही. मग एकेक स्टिक लावून बघितली. नवी चालली, जुनी चालेना. जुनीच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या होत्या. तिकडची पावसाळी दमट हवा, त्यात पीसी खिडकीजवळ. साध्या पेन्सिलच्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसल्या, कण झटकले आणि स्टिक परत बसवली. पीसी सुरू झाला.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात

टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी दिसले, पण स्पीड २६६६. स्टिकवर लिहिलेलं ३२००! अशा वेळी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, एएमडीच्या डीडीआर५ रॅमला एक्स्पो. ते केल्यावर ३२०० दिसायला लागलं. नंतर पीसी अडकला किंवा निळी स्क्रीन आली, तर एक्सएमपी बंद करून बघा. सगळं ठीक वाटलं तरी रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. एकही एरर आली तरी स्टिक बदलून घ्या.

सकाळपर्यंत एकही एरर नव्हती. गेमचं अडकणं थांबलं. सेटिंग मीडियमच ठेवावी लागली, हेही खरं. नवे मोठे गेम हाय सेटिंगवर खेळायचे असतील तर कधीतरी कार्ड लागेलच. पण आजची अडचण एका स्टिकवर भागली.

उरलेल्या पैशांतून मी त्याला यूपीएस घ्यायला लावला, कारण पावसात तिकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. त्यातूनही उरले ते मामाच्या हातात परत दिले. मामाने पैसे मोजले, घडी करून खिशात ठेवले आणि विचारलं, "म्हणजे डबा बदलायचा नव्हताच?"

नव्हताच. तुम्हीही आधी टास्क मॅनेजर उघडा, पाकीट नंतर.