प्लग काढला, तरी वीज उरते

परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची रात्र. मुलगी संगणक सुरू करते. पंखा फिरल्याचा आवाज येतो, डब्यावरचा दिवा लागतो, पण मॉनिटर काळाच. ‘‘बाबा, स्क्रीन गेली वाटतं.’’ बाबा ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढतात. ‘‘प्लग काढतो आणि उघडून बघतो, त्यात काय!’’ आतून आईचा आवाज येतो, ‘‘अहो, आधी वायर तरी नीट बसली आहे का बघा.’’

अशा वेळी बहुतेकदा आईचेच खरे ठरते. पोटात दुखते म्हणून आलेल्या रुग्णाचे पोट डॉक्टर लगेच उघडत नाहीत. आधी प्रश्न विचारतात, हाताने तपासतात. मॉनिटरचेही तसेच आहे. त्याचे बरेचसे बिघाड पाठीमागचे झाकण न उघडता ओळखता येतात आणि त्यातले निम्मेअधिक उपायही बाहेरच असतात. झाकणाच्या आत मात्र जिवाशी गाठ आहे.

बाहेरून तपासणी

पहिला प्रश्न : मॉनिटरचा छोटा दिवा लागतो का? लागत नसेल तर त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. सॉकेट चांगले असेल तर पॉवर केबल बदलून पाहावी. काही मॉनिटरना लॅपटॉपसारखा वेगळा अडॅप्टर असतो. तो खराब झाल्यास तेवढ्याच व्होल्टचा, तीच पिन असलेला आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा घ्यावा. हे आकडे अडॅप्टरवरच छापलेले असतात.

दिवा लागतो, पण ‘नो सिग्नल’ असे दिसते? म्हणजे मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही. संगणक बंद करून केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी. मॉनिटरच्या मेन्यूत योग्य इनपुट निवडले आहे का ते पाहावे. संगणकाला वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्याच जागेत हवी. साफसफाईनंतर ती हमखास चुकीच्या जागी लावली जाते. चित्र पिवळट किंवा गुलाबी दिसत असेल तर जुन्या व्हीजीए केबलची एखादी पिन वाकलेली असू शकते.

तरीही कळत नसेल तर अदलाबदल करावी. तीच एचडीएमआय केबल घरातल्या टीव्हीला जोडावी. टीव्हीवर चित्र आले, तर संगणक आणि केबल ठीक, दोष मॉनिटरचा. शिवाय त्या रात्रीचा अर्ज टीव्हीवरच भरून होतो!

शेवटची परीक्षा टॉर्चची. खोलीत अंधार करून, मॉनिटर चालू ठेवून, काळ्या पडद्यावर तिरका प्रकाश टाकावा. चित्र अंधूक दिसले, तर पडदा काम करतो आहे, मागचा प्रकाश गेला आहे. चित्र दोन सेकंद येऊन विझत असेल, तरी संशय तिथेच. पडद्यावर उभ्या रेघा कायम राहिल्या, तर बहुधा पॅनेल खराब आहे आणि दुरुस्तीचा खर्च नव्या मॉनिटरच्या जवळ जातो.

यापुढचे काम कारागिराचे.

आत काय असते?

भिंतीतून येते २३० व्होल्टची वीज. ज्या मॉनिटरमध्ये पॉवर सप्लाय आतच असतो, तिथे या विजेपासून साधारण ३२५ व्होल्टचा डीसी प्रवाह तयार होतो आणि तो एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. प्लग काढल्यावर हा साठा हळूहळू जिरावा अशी सोय असते, पण ती बिघडलेली असू शकते. बिघडलेल्या यंत्रात काय धड आहे, हे उघडणाऱ्याला ठाऊक नसते. जुन्या एलसीडी मॉनिटरमधल्या बारीक ट्यूबलाइटना चालू असताना शेकडो व्होल्ट लागतात आणि त्या फुटल्या तर पारा बाहेर येतो. माळ्यावर पडलेल्या काचेच्या जुन्या, जड मॉनिटरची चित्रनळी तर सुमारे २५ हजार व्होल्टवर चालते आणि बंद केल्यावरही विद्युतभार धरून ठेवते.

साठलेल्या विजेचा तडाखा क्षणभराचा असतो. त्याने हात भाजतो, जोराचा हिसका बसून माणूस मागे आपटतो, क्वचित हृदयाची लयही बिघडते. त्याहून मोठा धोका झाकण उघडे ठेवून ‘एकदा लावून बघू’ म्हणत प्लग लावण्यात आहे. तेव्हा प्रवाह थांबत नाही.

प्रवाहाचे गणित लहान आकड्यांचे आहे. १ मिलीअँपिअरला झिणझिण्या येतात. १० ते २० ला हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलीअँपिअर छातीतून गेले, तर हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. ९ वॉटचा एलईडी बल्बही निदान ४० मिलीअँपिअर घेतो, यावरून अंदाज यावा. घामेजलेल्या, ओल्या त्वचेतून प्रवाह सहज शिरतो. घरात ईएलसीबी असणे चांगलेच, पण दोन हात दोन तारांना लागले किंवा कपॅसिटरचा झटका बसला, तर ती वाचवत नाही.

शॉक बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्यच नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला दूर ढकलावे. मग हाक मारावी, श्वास पाहावा. प्रतिसाद नसेल आणि श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर १०८ ला फोन करायला सांगून लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नये. पाणी पाजणे, मातीत पुरणे यात मोलाची मिनिटे जातात.

शुद्धीवर असलेला माणूसही ‘काही झालं नाही’ म्हणून झोपी जाऊ नये. शुद्ध हरपली होती, छातीत दुखते किंवा धडधडते, त्वचेवर भाजल्याची खूण आहे, हातापायात अशक्तपणा आहे, आधीचा हृदयविकार आहे किंवा गर्भारपण आहे, तर त्याच दिवशी रुग्णालयात ईसीजी काढायलाच हवा. विजेने भाजलेली जखम वरून वाटाण्याएवढी दिसते, आतले स्नायू मात्र मनगटापासून कोपरापर्यंत होरपळलेले असू शकतात. लघवी लालसर-तपकिरी झाली, तर स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात अडकू लागल्याची ती खूण. तेव्हा तासाचाही उशीर परवडत नाही.

दुरुस्त न होणारा मॉनिटर भंगारवाल्याकडे फोडायला देऊ नये, ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. चित्रनळीच्या काचेत शिसे असते आणि ती फोडणारा हात बऱ्याचदा कोवळ्या पोराचा असतो.

केबल, सॉकेट, मेन्यू, टॉर्च एवढे घरच्यांचे. स्क्रू फिरवायची वेळ आली, की मॉनिटर पिशवीत घालावा आणि दुकानाचा रस्ता धरावा.